रोल लॅबला द्यायचा की घरीच धुवायचा?

नागपूरच्या मनीषनगरहून एका मुलीचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाली म्हणून नाव लिहीत नाही. पत्र मोठं आहे, थोडक्यात सांगतो. बाबांचा याशिका कॅमेरा कपाटात सापडला, बाबा २००८ मध्ये गेले. आत फिल्मचा एक रोल तसाच होता, फोटोंचा काउंटर २३ वर थांबलेला. तिनं मागचं झाकण उघडण्याआधी तो पूर्ण गुंडाळला, मग बाहेर काढला आणि मग त्याच कॅमेऱ्यावर वर्षभरात सात रोल काढले, चार कलर, तीन ब्लॅक-व्हाइट, त्यात एक फुटाळा तलावावरचा आणि एक यंदाच्या मारबतीच्या मिरवणुकीचा. यातला एकही अजून धुतलेला नाही. बर्डीवर दोन-तीन दुकानांत विचारलं तर मुंबईला पाठवावे लागतील म्हणाले. मित्र म्हणतो घरीच धू, लॅबला पैसे काऊन देऊन राहिली. आई म्हणते माझ्या घरात केमिकल आणायचं नाही. "काका, मी काय करू? आणि बाबांच्या रोलचं काय करू, तो पाहायची घाई पण आहे आणि भीती पण वाटते."

बेटा, आधी एक काम आजच कर. आठही रोलवर पेनाने लिही कशात काय आहे, सगळे एका हवाबंद डब्यात टाक आणि डबा फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेव. काढून झालेल्या पण न धुतलेल्या रोलवर चित्र दिसत नसलं तरी ते तिथं असतं. चांदीच्या क्षाराच्या कणांवर उजेड पडून गेल्याची ती नुसती खूण असते, आणि गरमीनं ती खूण पुसट होत जाते, वरून सगळ्या फिल्मवर धुकं चढतं. नागपूरचा मे महिना लोखंडी कपाटात काढलेल्या रोलनं काय सोसलं असेल ते तुला सांगायला नको. बाबांचा रोल असे सतरा-अठरा उन्हाळे पाहून बसलाय, आता त्याला अजून एक दाखवू नको.

तू कॅमेरा सापडल्या सापडल्या झाकण उघडलं नाही याचं मला खरंच खूप बरं वाटलं. दहातले नऊ जण आधी झाकण उघडतात.

आता तुझा प्रश्न. मित्र पैशाचा हिशोब सांगून राहिला, दुकानदार दिवसांचा, पण मी तुला तिसराच प्रश्न विचारतो: यातला कोणता रोल बिघडला तर पुन्हा काढता येईल? फुटाळ्यावरची संध्याकाळ पुन्हा काढता येते. मारबत पुढच्या वर्षी पोळ्याच्या पाडव्याला परत निघेल, तोवर थांबावं लागेल. बाबांचा रोल परत काढता येणार नाही. याच क्रमानं तुझं उत्तर लागते. कलर रोल लॅबला दे. ब्लॅक-व्हाइट घरी धू, पण फुटाळ्यापासून सुरू कर, मारबत शेवटी. आणि बाबांचा रोल लॅबलाच, पण पहिल्या पार्सलमध्ये नाही.

कलर लॅबला का, तर कलर निगेटिव्हची जी पद्धत आहे, सी-४१, ती १९७२ मध्ये आली आणि आता जगभर तीच एक आहे. कोडॅक असो, फुजी असो की जुनी कोनिका, सगळ्यांना तेच केमिकल, तोच वेळ, तेच तापमान. डेव्हलपर, म्हणजे दडलेलं चित्र बाहेर आणणारं केमिकल, ३७.८ अंशावर, सव्वातीन मिनिटं. यात पाव अंश इकडेतिकडे झाला तरी रंग हलतात, कारण फिल्मवर रंगाचे तीन थर असतात आणि तिन्ही एकसारखे पिकायला पाहिजेत. मशीन ते दिवसभर बिनबोभाट करते. घरी होत नाही असं नाही, किट मिळतात, बादलीत गरम पाणी ठेवून करणारे लोक आहेत आणि चांगलं करतात, पण किट एकदा कालवलं की काही आठवड्यांतच वापरून संपवावं लागतं, म्हणजे रोल साठवायचे आणि एकदम धुवायचे. तुझ्याकडे वर्षाचे चार कलर रोल आहेत. चार रोलसाठी किट आणणं मला पटत नाही.

ब्लॅक-व्हाइटची गोष्ट अगदी उलटी आहे. इथं एक ठरलेली पद्धत नाहीच. कोणता डेव्हलपर, किती पातळ, किती वेळ, किती हलवलं, यावर चित्राचा दाणा आणि काळं-पांढरं ठरते. लॅबवाला सगळ्यांचे रोल एकाच डेव्हलपरमध्ये एकाच हिशोबानं घालणार, त्याचं ते बरोबरच आहे. पण हा निर्णय तुझ्या हातात राहिला तर फोटोतला अर्धा भाग तुझा होतो, नाहीतर शटर दाबलं की तुझं काम संपलं. आणि तापमानात चूक झाली तर ब्लॅक-व्हाइट माफ करते, थोडं दाट किंवा थोडं विरळ निगेटिव्ह येते, पण चित्र येते.

दुसरं कारण माझ्या स्वतःच्या अनुभवातलं आहे. मी दहावीनंतर महाल भागातल्या एका स्टुडिओत कामाला लागलो, डार्करूममध्येच शिकलो. पुढे तो स्टुडिओ कलरवर गेला, डार्करूमची खोली सामान ठेवायला घेतली. २००३ मध्ये पुतणीच्या बारशाचे दोन ब्लॅक-व्हाइट रोल माझ्याकडे होते आणि धुवायला जागा नव्हती, म्हणून शहरातल्या एका कलर लॅबमध्ये दिले. काउंटरवर सांगितलंही होतं की ब्लॅक-व्हाइट आहे. संध्याकाळी आणायला गेलो तर पाकिटात दोन पट्ट्या, काचेसारख्या आरपार. चित्र नाही, काठावरचे नंबर नाहीत, कंपनीचं नाव नाही, काहीच नाही. मुलानं ते कलर मशीनमध्ये टाकले होते. कलरच्या पद्धतीत शेवटी सगळी चांदी काढून टाकतात आणि फक्त रंग मागं ठेवतात, आणि ब्लॅक-व्हाइटमध्ये तर चित्र म्हणजे चांदीच, दुसरं काही नसतेच. त्या बारशात माझी आई होती, मांडीवर नात घेऊन बसलेली. पुढच्या वर्षी आई गेली. ती पट्टी अजून माझ्याकडे आहे.

तेव्हापासून मी कुणाच्याही हातात रोल देताना काउंटरवर नाही सांगत, रोलवरच चिठ्ठी चिकटवतो. तू पण तेच कर. मोठ्या अक्षरात, कलर सी-४१ किंवा ब्लॅक-व्हाइट. एक अपवाद माहीत असू दे, इल्फर्डची एक्सपी-२ नावाची ब्लॅक-व्हाइट फिल्म आहे, ती मात्र कलरच्याच मशीनमध्ये जाते, तसं डबीवर लिहिलेलं असते. तुझे तिन्ही रोल एचपी-५ आहेत असं तू लिहिलंस, म्हणजे ते अस्सल चांदीवाले, कलर मशीनच्या जवळ पण नको.

त्या कोऱ्या पट्टीनं मला एक गोष्ट शिकवली ती इथं सांगून टाकतो, तुला पुढे कामी येईल. रोल कोरा आला तर काठ पाहायचा. काठावर नंबर आणि फिल्मचं नाव नीट उमटलं असेल आणि फक्त मधले फ्रेम कोरे असतील तर धुलाई ठीक झालीय, गडबड कॅमेऱ्यात आहे, एक तर रोल पुढे सरकला नाही किंवा शटर उघडलं नाही. काठावर पण काहीच नसेल तर कॅमेऱ्याला दोष देऊ नको, धुण्यात चूक झालीय, घरी असेल तर बहुतेक फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं केमिकल, आधी आणि डेव्हलपर नंतर ओतलंस. म्हणून दोन्ही बाटल्यांवर मार्करनं लिही आणि वेगळ्या रंगाची झाकणं लाव.

तुझ्या चार कलरमधल्या एकाबद्दल मला काळजी आहे. तू लिहिलंस की एक रोल ऑनलाइन स्वस्तात घेतला, डबीवर हातानं ५००टी लिहिलंय. ती सिनेमाची फिल्म असणार, मोठ्या रिळातून कापून डबीत भरलेली. सिनेमाच्या कलर फिल्मला बहुतेक वेळा पाठीमागून काजळीसारखा काळा थर असतो, तो आधी काढावा लागतो आणि तिचं केमिकलही वेगळं, ईसीएन-२ म्हणतात, ४१ अंशावर. हा थर साध्या मशीनमध्ये सुटला तर मशीनमधलं केमिकल घाण होते आणि तुझ्या मागून येणाऱ्या लोकांचे रोल पण खराब होतात. काही लोक हा थर आधीच काढून विकतात पण तुझ्या डबीवर तसं काही लिहिलेलं नाही, तर थर आहे असंच धर. लॅबला आधी फोन करून विचार की सिनेमाची फिल्म घेता का. घेत नसतील तर तो रोल राहू दे, घेणारी लॅब शोध. न सांगता पाठवू नको.

आता पैशाचं. मित्र म्हणतो त्यात खरं आहे पण पूर्ण नाही. डी-७६ ही ब्लॅक-व्हाइट डेव्हलपरची पावडर आणलीस, एक लिटर स्टॉक, म्हणजे मूळ घट्ट द्रावण, केला, आणि दर वेळी निम्मं पाणी मिसळून वापरून फेकून दिलं, तर ३५ एमएमच्या एका रोलला साधारण १५० मिली स्टॉक लागतो, म्हणजे लिटरमध्ये सहा रोल. फिक्सर परत परत वापरता येतो, लिटरमध्ये वीसेक रोल आरामात. पण काठोकाठ भरलेल्या, घट्ट बंद बाटलीत सुद्धा डी-७६ सहा महिने टिकतो, अर्धी रिकामी झाली की त्याहून कमी. म्हणजे सहा महिन्यांत सहा रोल होत असतील तर घरी परवडते. वर्षाला तीनच काढणार असशील तर निम्मा डेव्हलपर मोरीत जाणार, तेव्हा लॅबच स्वस्त. वरून टँक (फिल्म धुवायचा बंद डबा), थर्मामीटर, चेंजिंग बॅग (हात घालून अंधारात काम करायची काळी पिशवी) हा एकदाचा खर्च आहे. आणि मित्र जे सांगत नाही ते हे, की घरी धुतल्यावर तुझ्या हातात निगेटिव्ह येते, फोटो नाही. लॅब सोबत स्कॅन पण देते. घरी ते तुलाच करावं लागेल, पांढऱ्या लाइटवर निगेटिव्ह ठेवून डिजिटल कॅमेऱ्यानं फोटो काढून उलटवायचं, जमते, पण संध्याकाळ जाते. मी तरी म्हणेन पैशासाठी घरी धुवू नको. मला त्यात काय मिळते ते सांगतो, मग तू ठरव.

फिक्सरची वेळ झाली की टँकचं झाकण उघडायचं. आत फिल्म गुंडाळलेलं रीळ ओलं असते, वरून काही कळत नाही. मग टोक पकडून बोटभर फिल्म बाहेर ओढायची आणि ट्यूबलाइटकडे धरायची. पहिल्यांदा दिसते ते आकाश, काळं कुळकुळीत, कारण निगेटिव्हवर उजेड काळा असतो. मग त्याच्याखाली बारीक पांढऱ्या रेघा, त्या तारा असतात विजेच्या. मग एक चेहरा, काळे दात, पांढरे केस. पाणी निथळत असते, थेंब फ्रेमवरून सरकतो आणि क्षणभर चेहरा मोठा होतो. मी हे हजारो वेळा पाहिलंय आणि अजूनही त्या बोटभर फिल्मला पाहताना माझा श्वास थांबतो. लॅबच्या पाकिटातून हे मिळत नाही.

करायचं कसं ते नीट वाच, यातलं बरंच नागपूरच्या पाण्यावर अवलंबून आहे आणि कंपनीच्या कागदावर ते सापडणार नाही.

ब्लॅक-व्हाइटचं सगळं गणित २० अंशावर धरलेलं असते. एचपी-५, डी-७६ एकास एक, २० अंश, ११ मिनिटं. आता दिवाळी झाली, डिसेंबर-जानेवारीत सकाळी नळाचं पाणी जवळपास तितकंच असते, थर्मामीटर बुडवून पाह, एखाद्या अंशाचा फरक असेल तर कोमट पाणी घालून जमवून घे. म्हणून शिकायचं असेल तर हेच दिवस आहेत, होळीच्या आत हात बसव. एप्रिल लागला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात भाजेल असं येते, त्यात डेव्हलपर दोन मिनिटांत सगळं काळं करून टाकतो आणि फिल्मवरचा जिलेटिनचा थर इतका मऊ पडतो की नखानं निघेल.

तरी उन्हाळ्यात करायचंच झालं तर बर्फाच्या मागे लागू नको, बर्फानं तापमान झपकन खाली जाते आणि परत वर येते, एकाच रोलमध्ये डेव्हलपर १८ आणि धुवायचं पाणी ३५ झालं तर थर सुरकुततो, फोटोवर जाळी पडते. आपल्या घरात दोन गोष्टी आहेत ज्या बाष्पीभवनावर चालतात आणि म्हणून दिवसभर एकाच तापमानाला राहतात. एक माठ, दुसरा कूलर. कोरड्या मे महिन्यात माझ्या घरच्या माठाचं पाणी मी मोजलंय, २४-२५ निघते, बाहेर ४५ असताना. कूलरच्या टाकीतलं पण तेवढंच. मी आदल्या रात्री डेव्हलपर आणि फिक्सरच्या बंद बाटल्या कूलरच्या टाकीत उभ्या ठेवतो, झाकणं वर राहतील अशा, आणि धुवायला माठाचं पाणी भरून ठेवतो. मग सगळं २४ वर करायचं, सगळं म्हणजे शेवटच्या धुण्यापर्यंत. वेळ कमी होतो, ११ चे साडेसात-आठ होतात, नेमका आकडा कंपनीच्या तापमानाच्या तक्त्यावरून घे. पाच मिनिटांच्या खाली कधी जाऊ नको, मग ओतायला-उपसायला लागणाऱ्या वेळातच फरक पडून आकाशात पट्टे येतात. म्हणूनच मी उन्हाळ्यात पातळ करूनच वापरतो, निव्वळ स्टॉक नाही.

आणि पाणी किती लागते म्हणशील तर घाबरू नको. धार सोडून अर्धा तास धुवायची गरज नाही. टँक भर, पाच वेळा उलटासुलटा कर, ओत. परत भर, दहा वेळा. परत भर, वीस वेळा. झालं. इल्फर्डनं सांगितलेली रीत आहे, रॅपिड फिक्सर असेल तर चालते. तीन टँक म्हणजे एक लिटर पण नाही, माठातून निघते. शेवटी एकदा डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडव, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच, त्यात वेटिंग एजंटचा, म्हणजे फिल्मवर पाण्याचे थेंब थांबू न देणाऱ्या द्रवाचा, एक थेंब. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर हे चुकवू नकोस, नाहीतर सुकल्यावर फिल्मवर पांढरे ठिपके राहतात आणि ते पुसताना ओरखडे पडतात.

सुकवायला बाथरूम सगळ्यात चांगलं. आधी गरम पाण्याची बादली ओतून जरा वाफ होऊ दे म्हणजे धूळ खाली बसते, मग दोरीला चिमट्यानं टांग, खाली एक चिमटा वजनाला, दार बंद, पंखा बंद. आणि ज्या खोलीत कूलर चालू आहे तिथं ओली फिल्म नेऊ नको. कूलरच्या वुडवुलचे बारीक तंतू हवेत असतात, ते ओल्या थरात रुतून बसले की निघत नाहीत, माझ्या एका रोलवर प्रत्येक फ्रेममध्ये केस पडल्यासारखे आहेत ते तेच.

सगळ्यात अवघड आहे अंधारात फिल्म रिळावर चढवणं. बाकी सगळं उजेडात होते, हे एवढंच अंधारात. त्यासाठी एक रोल वाया घालव, स्वस्तातला किंवा जुना घे, आधी डोळे उघडे ठेवून दहा वेळा, मग डोळे मिटून दहा वेळा, मग बॅगेत. फिल्मच्या टोकाचे दोन्ही कोपरे कात्रीनं जरा गोल कर, सरकते पटकन. रीळ हाडासारखं कोरडं पाहिजे, कालचं ओलं रीळ चालत नाही. बॅगेत हात घालून पाच मिनिटं झाली की आपल्याकडे घाम सुटतो आणि ओलसर हवेत फिल्म अडकते, मग माणूस जोर लावतो आणि फिल्म मोडते. अडकली तर जोर लावू नको, फिल्म आणि रीळ टँकमध्ये ठेव, झाकण घट्ट लाव, हात बाहेर काढ, पुस, पाणी पी, दहा मिनिटांनी परत घाल. टँकमध्ये बंद आहे तोवर काही होत नाही. बॅग नसेल तर रात्री बाथरूम, दाराच्या फटीला चादर, लाइट बंद करून पाच मिनिटं उभी राह. डोळे सरावल्यावर हात दिसला तर अंधार पुरेसा नाही.

फिक्सरमध्ये किती वेळ, याचं उत्तर फिल्मच देते. कापलेला टोकाचा तुकडा फिक्सरच्या वाटीत टाक, दुधाळ असतो तो पारदर्शक व्हायला किती सेकंद लागले ते मोज, त्याच्या दुप्पट वेळ ठेव. तो वेळ नव्या फिक्सरपेक्षा दुप्पट झाला की फिक्सर संपला.

आईचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नको. बरोबर आहे त्यांचं. डी-७६ मध्ये मेटॉल असते, काही लोकांच्या हाताला त्यानं खाज सुटून चामडी निघते, आमच्या स्टुडिओतल्या एका माणसाला आयुष्यभर तो त्रास राहिला. हातमोजे घाल, पावडर कालवताना खिडकी उघडी ठेव, पाणी पन्नासेक अंशाचं घे म्हणजे नीट विरघळते. भांडी वेगळी, त्यांच्यावर लिहून ठेव, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम करायचंच नाही. बाटली कधीच कोल्ड्रिंकची वापरू नको, घरात लहान पोरं येतात जातात. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, तो मोरीत किंवा कुंडीत ओतू नको, एका कॅनमध्ये साठव. एवढं सगळं आईला आधी समजावून सांग, मग एकदा त्यांनाच बोलावून ती ओली पट्टी लाइटकडे धरून दाखव, मला वाटते मग बाथरूम मिळेल.

आता लॅब कशी निवडायची. मी नाव सांगणार नाही, पण फोनवर चार गोष्टी विचार. निगेटिव्ह परत देता का? काही ठिकाणी नुसते स्कॅन पाठवतात आणि निगेटिव्ह मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि खरी वस्तू तर तीच आहे. स्कॅन किती पिक्सेलचं? केमिकल कधी बदलता, ते ठीक आहे का पाहायला टेस्ट स्ट्रिप चालवता का? हा प्रश्न ऐकून जो चिडतो त्याला रोल देऊ नको, चांगला लॅबवाला यावर खूश होऊन दहा मिनिटं बोलतो. आणि फिल्म कापून देता की अख्खी?

मग आधी दोनच कलर रोल पाठव. ज्यात तुझा जीव कमी अडकलाय ते. कुरिअर चालते पण उन्हाळ्यात नाही, गाडीत पार्सल दिवसभर तापते. कुणी मुंबईला जाणारं असेल तर विदर्भ एक्सप्रेसनं हाती दे, विमानानं जाणार असेल तर हँडबॅगेतच आणि मशीनमध्ये न घालता हातानं तपासा म्हणून विनंती करायची. परत आले की निगेटिव्ह लाइटवर धरून पाह. ओरखडे आहेत का, लांबच लांब सरळ रेघ असेल तर बहुतेक मशीनच्या रोलरची किंवा तुझ्या कॅमेऱ्याची, दोन्ही रोलवर एकाच जागी आहे का ते पाह. बोटाचे ठसे आहेत का, कापताना फ्रेमच्या मधून कापलंय का. सगळं ठीक असेल तर तिसरा पाठव. त्यानंतर बाबांचा.

बाबांच्या रोलवर कोनिका १०० असं लिहिलंय म्हणालीस, म्हणजे कलर, सी-४१. कुणीतरी तुला सांगेल की जुना रोल ब्लॅक-व्हाइट डेव्हलपरमध्ये घाल, जास्त खात्रीनं चित्र येते. तीस-चाळीस वर्षांचा रोल असता तर मी पण तेच म्हटलं असतं, तेव्हा रंग गेलेलेच असतात आणि आकार वाचवणं महत्त्वाचं. पण १७-१८ वर्षांत रंग पूर्ण जात नाहीत, सरकतात. सावल्या हिरवट-जांभळ्या होतील, दाणा वाढेल, फोटो धुरकट येतील, पण शर्ट कोणत्या रंगाचा होता ते बहुतेक कळेल. एकदा ब्लॅक-व्हाइटमध्ये धुतला की रंग मिळायचा रस्ता जवळपास बंद. म्हणून तो लॅबलाच, आणि चिठ्ठीवर साल लिहून, जुना रोल आहे हे आधी फोनवर बोलून.

मन घट्ट करून एक गोष्ट आईला पण सांगून ठेव, त्यात काहीच न येण्याचीही शक्यता आहे. काठ पाहायचं मी वर सांगितलंच आहे.

आणि लॅबवाल्याला चिठ्ठीत लिही की हा रोल कापू नका, अख्खा गुंडाळून पाठवा. २३ च्या पुढचे फ्रेम कोरे असणार, कचरा समजून काही जण ते कापून टाकतात.